साहेबांचा टॉवेल

वीज वाचवायची म्हणून आमच्या ऑफिसात खोलीखोलीत सेन्सर बसवले. दहा मिनिटं काही हललं नाही, की दिवे आणि एसी आपोआप बंद. दुसऱ्याच दिवशी वीजबचत विभागाच्या साहेबांनी मला, म्हणजे ऑफिसच्या इलेक्ट्रिशियनला, वर बोलावून झापलं.

"अरे, काय भंगार बसवलंयस? दिवसातून वीस वेळा अंधार होतो माझ्या खोलीत!"

"साहेब, सेन्सर ठणठणीत आहे. तुम्ही मधूनमधून जरा हललात तर..."

"मला अक्कल शिकवतोस?"

मग साहेबांनीच डोकं लढवलं. सेन्सरसमोर मान फिरवणारा टेबलफॅन ठेवला आणि त्याच्या जाळीला टॉवेल बांधला. टॉवेल डोलायला लागला, साहेब पेंगायला लागले. घरी जातानासुद्धा फॅन बंद करायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत. पंधरा दिवस रजेवर गेले, तेव्हाही टॉवेल कामावर हजर होता.

वर्षअखेरीस वरिष्ठांनी सेन्सरच्या नोंदी मागवल्या. जिथे हालचाल कमी, ती खोली बंद करायचं ठरलं. पहिली गेली नकाशे काढणाऱ्या बाईंची. बिचाऱ्या तासन्‌तास मान खाली घालून काम करायच्या. आता जिन्याखाली बसतात.

साहेबांचा मात्र काल सत्कार झाला. 'रजेवर असतानाही ज्यांचं काम थांबलं नाही,' असं मानपत्रात छापलं होतं. टाळ्या वाजल्या, तसे साहेब खुर्चीतून उठले.


ऑफिसच्या वेळेत त्यांना हलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.