एकोणिसावं पाकीट

"सरदारांच्या लेकीनं आता परक्यांची घाण उपसायची?" असं म्हणत आबासाहेबांनी नर्सिंग कॉलेजचा फॉर्म लेकीच्या डोळ्यांदेखत टराटरा फाडला. दुसरा फॉर्म मात्र तिनं गुपचूप धाडून दिला.

आज त्याच कॉलेजचं उद्घाटन होतं. इमारत आबासाहेबांच्या देणगीतून उभी राहिलेली, म्हणून पहिल्या तुकडीला प्रवेशपत्रं त्यांच्या लेकीच्या हस्ते. "नावं वाचायची, हसायचं आणि गाडीत येऊन बसायचं. हे रडकं तोंड घरीच ठेव," त्यांनी निघतानाच दरडावलं होतं.

अठरा मुली पत्रं घेऊन गेल्या. एकोणिसाव्या पाकिटावर तिचंच नाव होतं.

तिचा हात थबकला. पाकीट हळूच पुष्पगुच्छाखाली सारलं असतं, तर बापाचा शब्द राहिला असता आणि कुणाला कळलंही नसतं. पहिल्या रांगेतून आबासाहेब डोळे वटारून बघत होते. तिनं मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि स्वतःचं नाव खणखणीत आवाजात वाचलं.



"सुरुवात स्वतःच्या लेकीपासून केलीत, धन्य आहात," म्हणत शेजारचे प्रमुख पाहुणे उठून उभे राहिले, तेव्हा दातओठ खात का होईना, आबासाहेबांना टाळी वाजवावीच लागली.