परवान्याचे पहिले पीक

सप्टेंबरातील दुसऱ्या गुरुवारी, दुपारच्या नमाजाच्या थोडे आधी, मोरोक्कोच्या उत्तरेस रिफ डोंगरात, केतामाहून वर चढणाऱ्या रस्त्याच्या अगदी शेवटी असलेल्या तिझगान गावी सरकारी जीप येऊन उभी राहिली. त्या वेळी हद्दू गावाच्या वर, कबरस्तानामागील आपल्या शेतात, खांद्याइतक्या वाढलेल्या किफच्या ओळींत उभा होता. जीप दिसूनही तो पळाला नाही. असे त्याच्या आयुष्यात पूर्वी कधी घडले नव्हते.

या डोंगरात गांज्याला किफ म्हणतात, आणि त्याखेरीज दुसरे पीक या खडकाने आजवर कोणाला पोटापुरते दिलेले नाही. हद्दूच्या आजोबाने तो पिकवला, बापाने पिकवला, आणि तिघांनीही देवदारांच्या रानात शिपायांपासून लपून हिवाळे काढले. गेल्या वर्षी सरकारने हद्दूवरचा जुना खटला माफ केला. मग त्याने रीतसर अर्ज केला आणि परवाना मिळवला. आता त्याचे पीक औषधांचा कारखाना घेणार होता. रात्री स्वतःच्या अंथरुणावर जोडे काढून झोपता येणार होते. अट एवढीच होती की तपासणीच्या दिवशी धारकाने जातीने शेतात हजर असावे. धारक न सापडल्यास परवाना रद्द, आणि उभे पीक उपटून टाकण्यात येईल.

ही गोष्ट त्याने गावात कोणालाही सांगितली नव्हती. सरकारदरबारी आपणहून नाव देणारा माणूस तिझगानात दुसऱ्यांचीही नावे देणारा समजला जाई. शहरात जायचे झाले की दाढ काढायला जातो असे तो सांगे. इतक्या दाढा काढूनही हा भाकरी चावतो कसा, असे चहावाला एकदा म्हणाला होता.

त्याची बायको यामिना हिने बांधावर किटली ठेवली. अधिकाऱ्यांसाठी तिने कोंबडी शिजवून आणली होती.

"मी खाली जाऊन वाट दाखवते त्यांना," ती म्हणाली.

"तू उतरलीस की सगळं गाव विचारील, कशाला. धारकानं शेतात राहावं असं लिहिलंय. ते शोधत येतील."

"धारक म्हणे! दार वाजलं की खिडकीतून उडी मारायचास, तेव्हा कुठे गेला होता हा धारक?"

हद्दू हसला नाही. त्याची नजर खाली मशिदीपुढच्या चौकावर होती. जीपभोवती माणसे जमली होती आणि त्यांच्या पुढे अल्लाल उभा होता.

अल्लालचे शेत हद्दूच्या शेताला लागून होते. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचे भांडण झाले, तेव्हापासून त्यांच्यात सलामही उरला नव्हता. आणि अल्लालला एक गोष्ट ठाऊक होती. वसंतात, परवाना हाती आला तरी त्यावर विश्वास न बसल्यामुळे, हद्दूने रानाच्या कडेला, मंजूर हद्दीबाहेर, एक पट्टा पेरला होता. गेल्या आठवड्यात भीतीने त्याने तो उपटला. उपटताना मागे वळून पाहिले, तर अल्लाल फावड्यावर हनुवटी टेकून पाहत होता. तो काही बोलला नाही. बोलला असता तर हद्दूला एवढी धास्ती वाटली नसती. शिवी देणाऱ्या शत्रूचा राग निदान तिथेच संपतो.

आता अल्लाल बोलत होता. इतक्या उंचावर शब्द पोचत नव्हते, हातवारे तेवढे दिसत होते. अधिकाऱ्याने जीपच्या टपावर कागद ठेवून काही लिहिले. मग अल्लाल पुढे झाला आणि त्याने त्या कागदावर अंगठा उमटवला. त्याच्यामागून चहावाला, त्याच्यामागून इमाम, आणि मग चौकातली म्हातारी माणसे एकेक करून वाकली.

"साक्षी घेतायत," हद्दू म्हणाला.

यामिनाने किटलीवर फडके टाकले.

जीप वळली आणि आल्या वाटेने खाली उतरू लागली. पहिल्या वळणाला धूळ दिसली, दुसऱ्याला तीही दिसेनाशी झाली.

"शेत न बघताच गेले?" तिने विचारले.

"साक्ष मिळाल्यावर बघायचं काय? आता शिपाई घेऊन येतील."

तिने रानाकडे बोट दाखवले. अजून वेळ आहे, म्हणाली. हद्दूने मान हलवली. या खेपेस तो पळणार नव्हता. कायद्याने ज्याला शेतात उभे राहायला सांगितले आहे, त्याने पट्ट्याचा दंड भरावा, पण उभे राहावे, असे त्याचे म्हणणे होते. बोलताना तो सारखा रानाकडे बघत होता. पाय मात्र जागचे हलले नाहीत.

थोड्या वेळाने कबरस्तानाच्या बाजूने अल्लाल चढून आला. हद्दूने हातातला विळा खाली ठेवला नाही. अल्लालने त्या विळ्याकडे पाहिले, बांधावर बसकण मारली, न विचारता पेल्यात चहा ओतून घेतला आणि दम परत येईपर्यंत तो पीत राहिला.

"काय सांगितलंस त्यांना?" हद्दूने विचारले.

"पाण्याचं भांडण पाण्यापुरतं, शेजाऱ्या," अल्लाल म्हणाला. "तुझ्या बापाच्या नावासकट विचारत होते. कुठे राहतो, शेत कुठलं. मला वाटलं होतं, तुझं ते जुनं खटल्याचं प्रकरण मिटलं. पण ही जात कुठली सोडतेय! इमामानंसुद्धा आमच्या शब्दाला साक्ष दिली. निवांत झोप आता. साहेबानं जाण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवलं सगळ्यांना: या नावाचा इसम तिझगानात नाही, आणि कधी नव्हता."