मधली चौकट

"एवढं एकच राहिलं," खिडकीतली बाई म्हणाली. "तुमच्या नावाने दोन फाइली दिसतायत."

लिफ्टवाल्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. टॅक्स ऑफिस बंद व्हायला वीस मिनिटं होती, विमान संध्याकाळचं होतं आणि बॅग खाली पहारेकऱ्यापाशी होती. 'काही बाकी नाही' असा दाखला असल्याशिवाय परदेशी माणसाला हा देश सोडता येत नसे. यायला एक कागद लागला होता, जायला सात. सहा जमले होते.

"दोन कशा असतील? मी एकटाच आहे," तो म्हणाला.

ते खरंच होतं. तेरा वर्षं त्याने या शहरातल्या लिफ्टा दुरुस्त केल्या. या ऑफिसची लिफ्टही त्याच्याकडेच होती. नोकरी गेल्या आठवड्यात सोडली, तर आज नेमकी तीच बंद, आणि लिफ्टवाले साहेब स्वतः चार मजले धापा टाकत चढून आलेले.

दहा वर्षांपूर्वी एका भांडणात तो बायकोला म्हणाला होता, "जायचं तर जा." ती खरंच गेली, नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन. कुठल्या गावी ते सांगितलं नाही. माहेरचं नाव लावलं आणि माग संपला. शाळा, दवाखाने, पोलीस, त्याने सगळे उंबरठे झिजवले. दोन वर्षांपूर्वी याच खिडकीत येऊन पत्ता मागितला होता. दुसऱ्याची माहिती देता येत नाही, असं याच बाईने सांगितलं होतं. आता तिला ते आठवतही नव्हतं. लेकीचं नावही बदललं असणार, हे तो केव्हाच धरून चालला होता. घरातून हाकलणाऱ्या बापाचं नाव कोण मिरवेल?

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. "किती दिवस भिंतीवर डोकं आपटणार आहेस? ये परत. तुझी खोली झाडून ठेवलीये." तो "बरं" म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र लहान पोरासारखा रडला.

"जुनी फाइल तुमचीच," बाई सांगत होती. "दुसरी याच वर्षी उघडलीये, दुसऱ्या गावच्या ऑफिसात. ती मला इथून उघडता येत नाही, नुसती खूण दिसते. तिकडे कुणीतरी चुकून तुमची नोंद पुन्हा केली असणार."

पूर्वी या खिडकीत एक टकलू बसायचा. पहिल्या वर्षी फॉर्मवरच्या तीन चौकटींवर बोट ठेवून त्याने विचारलं होतं, "हा मधला कोण?"

"माझे वडील. आमच्यात बापाचं नाव मधे लावतात."

टकलू पोट धरून हसला होता. "म्हणजे बापाला जन्मभर कडेवर घेऊन फिरता की!" पुढे दरवर्षी तो विचारायचा, "काय, वडील बरे आहेत ना?" आता तो निवृत्त झाला होता. तो असता तर पाच मिनिटांत दाखला मिळाला असता, असं लिफ्टवाल्याला वाटलं.

"मग आता?"

"चौकशी होईल. तीन आठवडे धरा."

"बाई, मी खोली सोडली. गादीसुद्धा देऊन टाकली. आता या गावात माझं काहीच नाही हो." असं गयावया केल्याची त्याला लाज वाटली.

बाईने चष्मा काढून पुसला. माणूस म्हणून ती वाईट नव्हती. "एक करता येईल. दुसरी फाइल चुकीची आहे, असं लिहून द्या. उघडता आली नाही तरी तुमच्या सहीवर मला ती रद्द करता येते. पण एकदा पुसली की पुसली. पत्ताबित्ता सगळं जातं, मग मलासुद्धा काढता येणार नाही. नीट विचार करा."

"त्यात विचार कसला? पुसून टाका."

त्याने तीन चौकटी भरल्या. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खाली सही केली. बाईने दोन बटणं दाबली, दाखला छापून आला, त्यावर शिक्का बसला. सातवा कागद. हातात घेतल्यावर हायसं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही. त्याने घडी घातली आणि तो जायला वळला.

"अहो, हे बघा," बाई 'बंद'ची पाटी लावता लावता हसली. रद्द झालेली ओळ पडद्यावर क्षणभर येऊन गेली होती. "केवढा घोळ घातला होता तिकडच्यांनी. तुमचं नाव मधल्या चौकटीत टाकलं होतं. आणि वय काय, तर एकोणीस."