फळीतला खळगा

"काका, बाजूला व्हा. फोटोत येताय."

"आलो तर आलो!" गुरुनाथराव जागचे हलले नाहीत. "चार दिवस झाले, या पडक्या चर्चची वीट न् वीट मोजतेस. मढ्याची नाडी बघत बसलीयस जणू. मराठी घरातली मुलगी, आणि देवळाच्या वाटेत आडवी!"

"मी आडवी नाही, ड्यूटीवर आहे," ऋता कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता म्हणाली.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिल गावाबाहेरचं हे चर्च दीडशे वर्षांपूर्वी कृष्णवर्णीय शेतमजुरांनी बांधलेलं. छप्पर निम्मं बसलं होतं. जागा आता तिथल्या मराठी मंडळाची, आणि मंडळाचे अध्यक्ष गुरुनाथराव. इथे देऊळ उभं राहावं म्हणून अकरा वर्षं ते खपले होते. आता सगळं जुन्या वास्तूंची सरकारी पाहणी करणाऱ्या या पोरीच्या रिपोर्टवर अडलं होतं. जपण्याजोगं काही सापडलं नाही, तरच पाडायचं परमिट.

प्रवचनाच्या चौथऱ्यावर ऋता गुडघे टेकून बसली. मधल्या फळीत तळव्याएवढा खळगा होता. तिने त्याचं माप घेतलं, लिहिलं आणि वही मिटली.

"वॉटर डॅमेज. झालं तुमच्या मनासारखं! शुक्रवारी परमिट घ्या आणि फिरवा बुलडोझर."

गुरुनाथराव चौथऱ्यावर चढले, वाकले. खळग्यातून अंगठा फिरवला. आत लाकूड गुळगुळीत होतं. त्यांनी हात मागे घेतला. गप्प बसलं की झालं.

"ओल नव्हे ही," ते म्हणाले.

"काय?"

"ओलीनं लाकूड भुसभुशीत होतं. हे टाचेनं झिजलंय. इथला बुवा गाऊन सांगत असणार. गाणाऱ्याचा पाय स्वस्थ बसतो होय? आमचे अण्णा कीर्तनाला उभे राहायचे, ती जागा आई दर महिन्याला शेणामातीनं भरून लिंपायची. शिकलीस एवढी, आणि एवढंही कळत नाही?"

ऋताने मिटलेली वही पुन्हा उघडली. "काका, हे लिहिलं तर चर्च पाडता येणार नाही. तुमचं देऊळ..."

"कळतं मला."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुझ्यासाठी नाही सांगितलं!" ते खेकसले, आणि खळग्याला बूट लागू नये म्हणून भिंतीला अंग घासत चौथऱ्यावरून खाली उतरले.