भोंगा वाजला नाही

किल्लीमास्तरांनी दार हलकेच ओढून घेतलं आणि लॅच खट्कन बसलं. किल्ली आतच राहिली होती.

तीस वर्षं मास्तर दुसऱ्यांची दारं उघडत आले होते. कुणी कचरा टाकायला बाहेर आलं नि अडकलं, कुणी पाहुण्यांना पोचवायला दोन पायऱ्या उतरलं नि अडकलं. दार उघडून द्यायचं आणि वर दहा मिनिटं भाषण ठोकायचं, ही मास्तरांची रीत. आज तेच मास्तर बनियन-पायजम्यावर, पायात नुसते मोजे, जिन्यात उभे होते. हत्यारांची पिशवीही आत खुंटीवर लटकत होती.

किल्ली त्यांनी मुद्दामच घेतली नव्हती. कारण भोंगा. भोंगा म्हणजे घरातलं चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. हे नाव खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकूंनी रागाने ठेवलं होतं, पण चपखल होतं, म्हणून तेच राहिलं. किल्ल्या खुळखुळल्या, पायात बूट दिसले किंवा कुणी ‘येतो रे’ म्हणालं, की आपल्याला एकट्याला टाकून चालले हे भोंग्याला कळायचं, आणि मग तो असा गळा काढायचा की तिन्ही मजले जागे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला होता. पिंजऱ्यात मऊ अंथरूण घाला, त्यावर तुमचा जुना सदरा. खायलाही तिथेच द्या. मग दार लावून गुपचूप बाहेर पडा. आज एक मिनिट, उद्या दोन. “आणि रडत असताना अजिबात आत जाऊ नका. रडलं की माणूस येतो, हे त्याला एकदा कळलं की संपलं!”

कालपर्यंत मजल सात मिनिटांवर गेली होती. काकूंना मात्र अर्धा तास हवा होता. “रविवारी अकरा वाजल्यापासून मी कान देऊन बसणार. साडेअकराच्या आत भोंगा वाजला, तर संध्याकाळी पिल्लू दुसऱ्या घरी,” असं त्यांनी बजावलं होतं. त्या पिल्लात मास्तरांचा जीव गुंतला होता. त्यांनी तोड काढली होती. दार लॅच न लावता नुसतं लोटून ठेवायचं, दर सहा मिनिटांनी आत जायचं, पाठीवरून हात फिरवायचा, पुन्हा बाहेर यायचं. आत जायचं नाही, असं काकू कुठे म्हणाल्या होत्या?

आता त्या तोडीचे तीनतेरा वाजले होते. बायको बाजारात गेलेली, दुसरी किल्ली तिच्याकडे. घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली, मग आठ. मास्तर दाराला कान लावून उभे होते.

नवव्या मिनिटाला काकू कठड्याला धरत वर आल्या.

“मास्तर, भोंगा वाजत नाहीये. आजारीबिजारी आहे का हो?”

“बरा आहे. हळू बोला, काकू. मीच बाहेर अडकलोय.”

“म्हणजे?”

“किल्ली आत राहिली.”

काकूंनी आधी मास्तरांच्या मोज्यांकडे पाहिलं, मग कुलपाकडे. तोंडावर हात दाबून त्या इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. हसून झाल्यावर त्यांनी अंबाड्यातला आकडा काढून पुढे केला. “घ्या. तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम.”

दोन मिनिटांचंही नव्हतं. मास्तरांनी आकडा वाकवून कुलपात घातला. तो आत किंचित घासला मात्र, आणि आतून बारीकसं ‘कुंऽ’ आलं.

मास्तरांचा हात जागच्या जागी थांबला. आता आत गेलं, तर रडल्यावर माणूस येतो हे त्याला कळणार. नाही गेलं, तर भोंगा वाजणार आणि संध्याकाळी घर रिकामं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी श्वास रोखून धरला होता.

मास्तरांनी आकडा केसाच्या अंतराने मागे घेत घेत बाहेर काढला. आत अंथरुणावर नखं खुरखुरली. पिल्लू एकदा गोल फिरलं असावं, मग धप्पकन बसलं. त्यानंतर काहीच नाही. मास्तर पायरीवर काकूंशेजारी बसले, हातात आकडा तसाच.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दाराआडून घोरणं ऐकू आलं. एवढ्याशा जिवाचं एवढं मोठं घोरणं! मास्तरांना आनंदाने भरून आलं. डोळे पुसायला खिशात रुमालही नव्हता, म्हणून त्यांनी बनियनचं टोक डोळ्यांना लावलं.

“साडेअकरा होऊन गेले, काकू,” थोड्या वेळाने ते कुजबुजले.

“गप्प बसा हो. झोपलंय ते.”

तेवढ्यात खालून चपला वाजल्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मास्तरांची बायको वर आली आणि बंद दारापुढची ती जोडी बघून थबकली.

“अगंबाई! अहो, तुम्हाला आपल्याच घराचं कुलूप उघडेना?”

“उघडतंय गं, न उघडायला काय झालं!” काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. “आत भोंगा झोपलाय. चपला काढून हातात घे आणि बस.”

तिने चपला काढल्या आणि कमरेची किल्ली पुढे केली. मास्तरांनी ती वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरली, आणि पायरीवर थोडं सरकून बायकोला जागा करून दिली.