बकलाव्याचे पदर

कारंजा गावच्या योगिनीनं हळदीकुंकवासाठी बकलावा हा तुर्की गोड पदार्थ करायला घेतला, पण त्याची फायलोची, म्हणजे मैद्याची पातळ पारी लाटताना तिसऱ्यांदा फाटली. "थांब वं," म्हणत सासूबाई पुढे आल्या. लग्नघरी मांडे करायच्या तशी त्यांनी एकेक पारी दोन्ही हातांवर झुलवत कागदासारखी पातळ केली.

संध्याकाळी बायका त्या कुरकुरीत पदरांवर खूश झाल्या. "इतकं पातळ कोनं केलं वं?" शेजारच्या चंदानं विचारलं.

"मीच. फोनवर पाहून शिकली," योगिनी बोलून गेली. वळून पाहते तर पाण्याचा ट्रे घेऊन सासूबाई दारातच उभ्या.



"लय मेहनत केली पोरीनं," सासूबाई बायकांना म्हणाल्या, "मले तं हातही लावू देल्ला नाही."