मागखात्याची भिंत

बंद पडलेल्या कापडगिरणीतल्या मागखात्याच्या चुन्याच्या भिंतीत मुरलेले आवाज त्या दिवशी उपसून काढायचे होते. त्याशिवाय तिथे घरं आणि ऑफिसं बांधता येत नव्हती. राहायला येणाऱ्यांची झोप उडाली असती. एकदा उपसले की आवाज कायमचे गेले. म्हणून जुन्या कामगारांच्या घरच्यांना आपल्या माणसाचं बोलणं शेवटचं ऐकायला बोलावलं होतं. शेवंताबाई नवऱ्याचा आवाज ऐकायला ठेवणीतलं इरकल नेसून आल्या होत्या.

"आजोबा कुठे उभे असायचे?" यंत्र चालवणाऱ्या मितालीनं विचारलं.

त्यांनी खिडकीजवळची जागा दाखवली. मितालीनं भिंतीला चकती लावताच असा खडखडाट उसळला की दोघींनी कान झाकले. तिनं घाईघाईनं मागांचा आवाज गाळला. उरली नुसती शांतता.

"इथे कुणी बोललेलंच नाही, आजी," ती ओशाळून म्हणाली.

शेवंताबाईंनी कपाळावर हात मारला. "कसं विसरले गं मी! मागापाशी कुणाला काय ऐकू येणार? सगळे नुसते ओठ हलवायचे. घरी मात्र हे इतके ओरडायचे की शेजाऱ्यांना वाटे, भांडण लागलंय. मी डबा घेऊन या खिडकीबाहेर आले की हे आतून ओठांनीच विचारायचे, 'तू जेवलीस का?'"

"मग... उपसू आता?"

"थांब. आधी तो खडखडाट परत लाव."

माग पुन्हा धडधडू लागले. शेवंताबाई बाहेर जाऊन खिडकीपाशी उभ्या राहिल्या. पदर सारखा केला आणि आवाज न काढता, ओठ नीट हलवत म्हणाल्या, "जेवले."